घरी पाळलेल्या बॉल पायथनची पैदास करून दुर्मीळ रंगाची पिल्ले विकणे कितपत योग्य?

गोदाकाठ (नाशिक)

माझा धाकटा भाऊ गेली सहा-सात वर्षे बॉल पायथन पाळतो आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा चार-साडेचार फुटांचा बिनविषारी साप घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. सुरुवातीला आईने घर डोक्यावर घेतले होते. आता वीज गेली की सापांच्या टबाशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवायला तीच धावते. २०२० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची मुभा दिली, तेव्हा भावाने त्याच्या नर-मादीची माहिती कळवली, आणि अशा प्राण्यांच्या नोंदणीचे २०२४चे नियम आल्यावर मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणीही केली. त्यामुळे माझा प्रश्न कायद्याचा नाही.

भावाच्या एका मित्राने आता पैदाशीचा प्रस्ताव आणला आहे. आणखी चार माद्या घ्यायच्या, एकावर एक टब सरकवता येतील असा रॅक करून घ्यायचा, दर हंगामात वेगवेगळ्या मॉर्फची, म्हणजे रंग-नक्षीच्या वाणांची, पिल्ले काढायची आणि देशभरातल्या शौकिनांना विकायची. कागदावरचा हिशेब मोहात पाडणारा आहे. मित्राच्या मते सगळ्यांत मोलाचा आहे तो आमचा नर, कारण तो ‘स्पायडर’ वाणाचा आहे आणि त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी आहे. हा नर भक्ष्याकडे झेपावताना मान पिळवटून घेतो, कधी कधी पोट वर करून पडतो आणि मग सावरतो. मित्र म्हणतो, तो त्या वाणाचा स्वभावच आहे.

आमचा गोठा आहे. गाई-म्हशींच्या पैदाशीतून पैसे मिळवताना मला कधी अपराधी वाटले नाही, कालवडींचे भाव ठरवताना वडिलांनाही वाटले नाही. मग सापांपाशीच मी का अडखळतो आहे? हा केवळ अपरिचित प्राण्याविषयीचा संकोच आहे, की या व्यवहारात खरोखर काही वावगे आहे? भावाला नुसते ‘नको’ म्हणून चालणार नाही. कारण सांगावे लागेल.

रवंथ (पशुवैद्य, पुणे)

आपल्या नराच्या मानेपासून सुरुवात करतो, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

तो स्वभाव नाही. स्पायडर वाणाचा पहिला साप १९९९च्या सुमारास आफ्रिकेतून अमेरिकेत आला आणि आज जगभरात जे स्पायडर आहेत ते त्याच वंशाचे मानले जातात. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे एका पालकाकडून मिळाले तरी नक्षी उमटते आणि सरासरी निम्मी पिल्ले स्पायडर निघतात. दोन्ही पालकांकडून हे जनुक मिळालेले जिवंत पिल्लू मात्र आजवर कुणाला खात्रीने दाखवता आलेले नाही, त्यामुळे ते गर्भावस्थेतच मरत असावे असा समज आहे. डोके डुगडुगणे, उलटे होणे, झेप चुकणे या लक्षणांना पाळणारे ‘वॉबल’ म्हणतात. जर्मनीतील संशोधकांनी २०२२ साली सूक्ष्म सीटी स्कॅनच्या साहाय्याने अशा सापांचे अंतःकर्ण तपासले, तेव्हा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांची आणि त्यांच्या लगतच्या सॅक्युल नावाच्या पिशवीची रचनाच बिघडलेली आढळली. आपला नर खोडकर नाही. वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला नीट कळत नाही.

लक्षणांची तीव्रता सापागणिक वेगळी असते, काही स्पायडर वर्षानुवर्षे नीट खातात, आणि याच आधारावर पैदासकार वाद घालतात. पण नक्षी आणि दोष एकाच जनुकाच्या पदरात बांधलेले आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ इतर वंशांशी संकर करूनही कुणाला एक घेऊन दुसरे सोडता आलेले नाही. शॅम्पेन आणि वोमा या वाणांतही डोके डुगडुगताना दिसते, कॅरॅमल अल्बिनोंमध्ये पाठीचा कणा वाकडा निघण्याचे प्रमाण अधिक असते, आणि डेझर्ट वाणाच्या माद्यांना पिल्ले निघतील अशी अंडी घालता येत नाहीत, कित्येक अंडी अडून मरतात.

आता गोठ्याची तुलना. ती आपण प्रामाणिकपणे केली आहे, म्हणून तिचे उत्तरही सरळ द्यायला हवे. दुधासाठी केलेल्या निवडीनेही गाईंचे हाल झाले आहेत. संकरित गाईंचे खूर आणि कास मी रोज पाहतो. पण गोठ्यात आजार हा तोटा असतो. लंगडी गाय कमी दूध देते, म्हणून मालकाला तिचे दुखणे परवडत नाही आणि तो मला बोलावतो. स्पायडर सापाचा दोष मालकाच्या खिशाला कुठेच लागत नाही, कारण गिऱ्हाईक नक्षीचे पैसे देते आणि छायाचित्रात मान डुगडुगत नाही. माझ्या मते आपण अडखळलात ते इथे, आणि योग्य जागी अडखळलात.

दुसरी गोष्ट न विकल्या जाणाऱ्या पिल्लांची. पायबाल्ड, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा वाण, अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे ते दोन्ही पालकांकडून मिळाले तरच रंग उमटतो. नर-मादी दोघेही केवळ वाहक असतील, तर सरासरी चारातले एक पिल्लू तसे निघते. दोन अप्रभावी वाण एकाच पिल्लात हवे असतील आणि पालक दोन्हींचे वाहक असतील, तर हेच प्रमाण सोळात एक होते. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी घालते. म्हणजे हवे ते एक पिल्लू मिळण्यासाठी सरासरीने अडीच-तीन मादींची अंडी उबवावी लागतात आणि उरलेली पंधरा पिल्लेही तितकीच जिवंत असतात. हा साप सांभाळला तर वीस-तीस वर्षे सहज जगतो. कागदावरच्या हिशेबात या पंधरांच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते भावाला विचारा.

शिराळकर (मूळ शिराळा, सध्या लेस्टर)

डॉक्टरांचे बहुतेक म्हणणे मान्य करून एका बाबतीत मतभेद नोंदवतो. मी इथे अकरा वर्षे रॉयल पायथनची पैदास केली. ब्रिटनमध्ये बॉल पायथनला याच नावाने ओळखतात. माझे बालपण शिराळ्यात गेले आणि न्यायालयाने जिवंत नागांच्या पूजेला मनाई करण्यापूर्वीची नागपंचमी मी पाहिली आहे, त्यामुळे श्रद्धेच्या नावाने सापाला काय काय सोसावे लागते याचीही मला कल्पना आहे. पैसे घेतले की पाप आणि प्रेमाने पाळले की पुण्य, ही विभागणी मला पटत नाही. कित्येक हौशी लोक प्रेमापोटीच चुकीच्या तापमानात साप मारतात. मी पिल्ले विकत होतो म्हणून थर्मोस्टॅट उत्तम दर्जाचे घेऊ शकलो, पशुवैद्याची फी भरू शकलो आणि प्रत्येक पिल्लाच्या वजनाची वही ठेवू शकलो. शिवाय घाना, टोगो आणि बेनिनमधून वर्षानुवर्षे पाळण्यासाठी हजारोंनी साप बाहेर गेले. तिथे अंड्यांवर आलेल्या माद्या बिळांतून उकरून काढतात आणि त्यांची पिल्ले निर्यात करतात. त्याच बेनिनमधल्या वीदा गावात या सापाचे देऊळ आहे आणि तो घरात शिरला तर त्याला मारत नाहीत, हे आपल्याकडच्या वाचकांना विशेष वाटेल. घरात जन्मलेले निरोगी पिल्लू बाजारात असेल तर रानातल्या मादीमागचा हात थोडा तरी सैल होतो, असे मला वाटत आले आहे.

असे असूनही मी थांबलो. पहिले कारण स्पायडरचेच. माझ्याकडे त्या वाणाची एक मादी होती, ती उंदीर पकडताना स्वतःभोवती मळसूत्रासारखी फिरायची, आणि ‘हे असे का करते’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी, आपल्या भावाच्या मित्राप्रमाणेच, ‘हा तिचा स्वभाव’ म्हणून सांगत असे. ते वाक्य किती वेळा उच्चारले याची मला आज लाज वाटते. २०१८पासून इथल्या एका मोठ्या सर्पप्रेमी संस्थेने आपल्या विक्री मेळाव्यांत स्पायडर मांडायलाच बंदी घातली. तेव्हा आम्ही पैदासकार खूप चिडलो होतो. जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्यात तर पिल्लांना यातना होतील अशा पैदाशीला सरळ मनाई आहे आणि तिच्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दही आहे.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे, आणि ते भावाला अधिक लवकर पटेल. महाराष्ट्रातले इमूपालन आठवा. पक्षी घ्या, पिल्ले काढा, पिल्ले विका; आणि ती घेणारा कोण, तर पिल्ले काढू पाहणारा पुढचा शेतकरी. इमूचे मांस खाणारे आणि तेल घेणारे पुरेसे गिऱ्हाईक कधी नव्हतेच, म्हणून साखळी तुटली तेव्हा कित्येकांनी खाद्याचा खर्च झेपेना म्हणून पक्षी सोडून दिले. मॉर्फचा बाजार याच घाटणीचा आहे. अमेरिकेत १९९२ साली पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पैदास झाली, १९९७ साली पायबाल्डची, आणि तेव्हा त्यांना हजारो डॉलर मिळत. आज तेच वाण कुठल्याही मेळाव्यात सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. दुर्मीळ साप महाग असतो, महाग म्हणून त्याची पैदास होते आणि पैदास झाली की तो दुर्मीळ राहत नाही. मादी पैदाशीच्या वजनाला यायला तीन वर्षे लागतात. तेवढ्यात आपण ज्या भावाने ती घेतली तो भाव उतरलेला असतो. मग तोटा भरून काढायला आणखी एक जनुक मिसळायचे, आणखी टब वाढवायचे. माझ्याकडे शेवटी चौसष्ट टब होते. मी सापांकडे पाहणे केव्हा थांबवले आणि फक्त लेबले पाहू लागलो, ते मला सांगता येणार नाही.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. इमूचे उदाहरण आमच्या घरात फारच बोलके ठरले, कारण मामांनी त्यात हात पोळून घेतले होते. भाऊ स्पायडर नराची पैदास करणार नाही, इथपर्यंत आला आहे. त्याचा प्रतिवाद आता असा आहे की निर्दोष वाण घेऊन, दोनच माद्यांवर, प्रशस्त पिंजऱ्यांत आणि नोंदणी करून हे केले तर हरकत काय? भारतात आयात करण्यापेक्षा इथे जन्मलेली पिल्ले बरी, असेही तो म्हणतो.

धामणकर (सर्पमित्र, ठाणे)

आपल्या भावाचा प्रतिवाद नीटनेटका आहे, पण तो फक्त आपल्या पिंजऱ्यापुरता खरा आहे. मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, म्हणून तिथून काय दिसते ते लिहितो.

डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात केक आणि बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. हे साप कुणासाठी येत होते? इथे जन्मलेली पिल्ले घेणाऱ्या शौकिनासाठीच. स्थानिक पैदाशीने आयातीची गरज संपते हे तर्काला धरून वाटते, पण पैदासकाराला दर दोन-तीन वर्षांनी नवा वाण लागतो हे शिराळकरांनी सांगितलेच आहे, आणि तो नवा वाण परदेशातूनच येतो. आपल्या भावाच्या सापांची गोष्टही बारकाईने पाहा. २०२०च्या सवलतीत माहिती देणाऱ्याकडे प्राणी कुठून आणला याची कागदपत्रे मागितलीच नव्हती. म्हणजे त्या सापांचा कागदोपत्री इतिहास २०२०मध्ये सुरू होतो. त्याआधीचा प्रवास विमानाच्या कोणत्या पिशवीतून झाला, हे कुणी विचारले नाही. हा भावावर आरोप नाही, पण ‘नोंदणी आहे’ या शब्दांत वाटते तितके सामावलेले नाही.

‘बंदिवासात जन्मलेले’ हा शिक्काही पारखून घ्यावा. इंडोनेशियातून पैदास केंद्रांतले म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या वृक्ष-अजगरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात किमान ८० टक्के साप प्रत्यक्षात रानातून पकडलेले असल्याचा निष्कर्ष होता. खरी पैदास जिथे चालते तिथेच खोट्या पैदाशीला आडोसा मिळतो. आणि हाव रंगापाशी थांबत नाही. शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखा अवयव असलेला इराणकडचा एक शिंगवाला घोणसवर्गीय साप विज्ञानाला स्वतंत्र जात म्हणून २००६मध्ये माहीत झाला. २०२५च्या जूनच्या सुरुवातीला त्याचे तीन नमुने थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे मुंबई विमानतळावर मिळाले, सोबत चाळीसहून अधिक विषारी हिरवे साप होते.

आपल्याकडे मांडुळाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दुतोंड्या म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, ठरावीक वजनाचा असेल तर लाखोंना जातो म्हणून, शेतातल्या त्या गरीब सापाला पोत्यात घालून गावोगाव फिरवतात. मॉर्फ पाळणाऱ्या सुशिक्षित माणसाला ही तुलना अपमानास्पद वाटेल, आणि अंधश्रद्धा व छंद यांत फरक आहे हे मलाही मान्य आहे. पण दोन्हीकडे किंमत सापाची नसते, त्याच्याविषयी सांगितलेल्या गोष्टीची असते, आणि ती गोष्ट शिळी झाली की साप नकोसा होतो.

नकोसे झालेले साप माझ्याकडे येतात. एका गृहसंकुलातून ‘घोणस निघाली’ म्हणून निरोप आला, पोचलो तेव्हा रहिवाशांनी काठ्यांनी जो साप अर्धमेला केला होता तो कुणाचा तरी बॉल पायथन होता; मालक पुढे आलाच नाही. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. आपल्याकडे घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हातात घेणाऱ्यांना दंश झाल्याचे प्रकार जुने आहेत, आणि ठिपक्यांचा जाड साप गळ्यात घालून काढलेली छायाचित्रे मुलांच्या डोळ्यांना सवयीची होऊ लागली तर त्यांत भरच पडेल, अशी मला भीती वाटते. देशी साप जखमी असेल तर बरा करून वन विभागाच्या संमतीने त्याच्या अधिवासात सोडता येतो. हा आफ्रिकेचा साप कुठे सोडणार? तो सोडणे हा गुन्हा आहेच, शिवाय अजगरवर्गात फुप्फुसांना ग्रासणारे निडोव्हायरससारखे आजार पाळीव सापांत आढळलेले आहेत. कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया इथे सुटलेल्या पाळीव किंगस्नेकची संतती १९९८पासून रानात दिसते आहे, त्यांतले कित्येक अल्बिनो आहेत, म्हणजे शौकिनांनी रंगासाठी वाढवलेले. त्यांनी तिथल्या मोठ्या सरड्यांचा अनेक भागांत जवळपास फडशा पाडला आहे.

भाऊ दोन माद्यांवर थांबेल, यावर माझा विश्वास आहे. त्याची पिल्ले घेणारा थांबेल का, हे त्याच्या हातात नाही.

गोदाकाठ

भावाने हे सारे वाचले. मित्राला नकार कळवला आहे, रॅकसाठी दिलेली उचल बुडाली. पण एक अडचण आम्ही आधी सांगितली नव्हती. हिवाळ्यात नर-मादी काही आठवडे एकत्र ठेवले होते. मादीचे अंग शेपटीकडे जाड झाले आहे, ती खात नाही आणि गेल्या आठवड्यात तिने कात टाकली. आता काय करावे?

रवंथ

ती बहुधा अंड्यांवर आलेली आहे. या काळातल्या कातीनंतर साधारण महिनाभरात अंडी येतात. तिला दमट शेवाळाची पेटी द्या, हाताळू नका आणि एक्स-रेसाठी इकडे आणण्याची घाई करू नका. मात्र चाळीस-पंचेचाळीस दिवस उलटूनही अंडी आली नाहीत किंवा काही अंडी घालून ती थांबली, तर त्याच दिवशी या.

अंडी आल्यावर दोन मार्ग आहेत. ती ३१-३२ अंश सेल्सिअसला उबवली तर पंचावन्न ते साठ दिवसांत पिल्ले निघतील, त्यांतली सरासरी निम्मी स्पायडर असतील, प्रत्येकाच्या जन्माची नोंद द्यावी लागेल आणि त्यांतले प्रत्येक पिल्लू पुढची काही दशके कुणाच्या तरी घरात असावे लागेल. उबवायची नसतील तर ती त्याच दिवशी काढून गोठवावी लागतात. हे कोंबडीच्या अंड्याइतके निर्विकार काम नाही, कारण सापाच्या अंड्यात ते बाहेर येतानाच गर्भ बराच वाढलेला असतो. म्हणून उशीर करू नये आणि हे काम आईवर सोपवू नये. मी आपल्या जागी असतो तर गोठवली असती. शिराळकर कदाचित वेगळे सांगतील.

शिराळकर

नाही, मीही तेच सांगितले असते. फक्त नर वेगळा ठेवला म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नका. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बासष्ट वर्षांच्या मानल्या गेलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली सात अंडी घातली, आणि त्याआधी वीसहून अधिक वर्षे तिचा कुठल्याही नराशी संबंध आला नव्हता. त्यामुळे पुढच्या हंगामातही मादीवर लक्ष ठेवा. आणि आपला नर जन्मभर सांभाळा: भक्ष्य मेलेले आणि लहान द्या, चढायच्या फांद्या काढून टाका, आणि कुणी ‘फक्त एका हंगामापुरता’ मागायला आला तर देऊ नका. स्पायडर नर असाच मागून नेतात. मीही नेला होता.